वारेचा तिसरा हिस्सा

शिवशंकर माझा विद्यार्थी. उमरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत आठवी ते दहावी मी त्याला विज्ञान शिकवलं. पोरगा अबोल. प्रश्न विचारला की उभा राहायचा, उत्तर येत असलं तरी अर्धंच सांगायचा आणि खाली बसायचा. एकदा झेंडूच्या देठाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे होते. बाकीच्या पोरांनी ब्लेडनं काकडीच्या चकत्या कराव्यात तसे काप केले. शिवशंकरचा काप मी पुस्तकाच्या पानावर ठेवला, तर खालची अक्षरं वाचता येत होती. कसं जमलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "घाई न्हाई केली, सर."

बारावीनंतर त्यानं नांदेडला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि तिथल्याच एका मोठ्या सरकारी दवाखान्यात लागला. गावात सगळ्यांचा समज असा, की तो रक्त तपासतो. त्याची आई पंचफुलाबाई तेच सांगायची आणि तो कधी दुरुस्त करायचा नाही. खरं त्याचं काम वेगळं होतं. ऑपरेशनात काढलेली गाठ, आतड्याचा तुकडा, असं काहीही त्याच्या विभागात यायचं. ते औषधात मुरवायचं, त्यातलं पाणी काढून तिथं मेण भरायचं, मेणाची वडी करायची आणि ती मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर कापायची. काप किती पातळ, तर आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत पंधरा-वीस मावतील. हे काप एकमेकांना चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात. मग ते कोमट पाण्यावर सोडायचे, काचेच्या पट्टीवर अलगद उचलायचे आणि रंगवायचे. पुढं डॉक्टर ते बघून रोग सांगतात. काप फाटला, चुरगळला तर डॉक्टरला काही दिसत नाही. पंधरा वर्षांत शिवशंकरचा काप फाटला, असं फार क्वचित झालं असेल.

२०२१च्या जानेवारीत त्याच्या विभागातल्या डॉ. उज्वला बिडवे यांनी एक अभ्यास हाती घेतला. बिडवे मॅडम मूळच्या निलंग्याच्या. बोलायला कडक, कामाला त्याहून कडक. पोटुशी असताना जिला कोरोना झाला, अशा प्रत्येक बाईची वार बाळंतपणानंतर तपासायची, असं त्यांनी ठरवलं. आईचा रोग वारेतून लेकरापर्यंत पोचतो का आणि वारेचं स्वतःचं काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. तोवर वार म्हणजे पिवळ्या पिशवीत टाकून द्यायची वस्तू. बाळ रडलं की सगळे त्याच्याकडे बघतात. मागून पडलेल्या वारेकडे, ती पूर्ण पडली ना एवढं बघून झालं की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

शिवशंकरनंही नीट बघितली नव्हती. पहिल्या आठवड्यात मॅडमनी निरोगी बाईची एक वार मुद्दाम त्याच्यापुढं ठेवली आणि समजावून सांगितली. पुढं कधीतरी गावी आल्यावर हे सगळं तो मला ओट्यावर बसून सांगत होता. शाळेत अर्धं उत्तर देणारा हा पोरगा तासभर बोलायचा थांबला नाही.

ज्वारीच्या मोठ्या भाकरीएवढी गोल, लालभडक, बोटाहून थोडी जाड. एका बाजूला गुळगुळीत, तिथून नाळ निघते आणि नाळेपासून रक्तवाहिन्या अशा पसरतात की जणू कुणी झाडच काढलंय. दुसरी बाजू आईच्या पोटाला चिकटलेली. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की वार आईची नसतेच. ती लेकराच्या अंशातून तयार होते. लेकरू अजून मोहरीएवढंसुद्धा नसतं तेव्हा ते आधी आपल्यासाठी वार करायला घेतं. तिच्या फांद्यांना फांद्या फुटतात, त्यांना बारीक पालवी येते आणि ती सगळी पालवी आईच्या रक्तात बुडून असते. बाहेरून आईचं रक्त, आतून लेकराचं रक्त, मध्ये कागदाहून पातळ पडदा. दोन्ही रक्तं नऊ महिने शेजारी वाहतात आणि मिसळत नाहीत. श्वास, अन्न, पाणी, सगळी देवाणघेवाण त्या पडद्यातून. ती पालवी उलगडून पसरली तर एका मोठ्या खोलीची फरशी झाकली जाईल, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यानं हातातल्या त्या भाकरीएवढ्या गोळ्याकडे बघितलं.

"सर, नऊ महिन्यांसाठी फुप्फुस, मूत्रपिंड, आतडं सगळं एकातच केलेलं," तो मला म्हणाला. "अन् काम झालं की आपोआप सुटून पडती."

अभ्यासाला येणारी बहुतेक वार चांगलीच निघायची. मे महिन्यापर्यंत बासष्ट बायकांची वार त्याच्या हाताखालून गेली. त्यांतल्या बहुतेकींना ताप-खोकला होऊन गेला होता, लेकरं ठणठणीत होती, वारेतही फारसं काही नव्हतं. कुठं थोडी सूज, कुठं एखादा सुकलेला कोपरा. मॅडम म्हणायच्या, ही चांगली बातमी आहे, हीसुद्धा लिहायला पाहिजे.

पण तीन वेगळ्या निघाल्या. हात लावताच कळायचं. चांगली वार ओल्या स्पंजसारखी मऊ लागते; ह्या तिन्ही शिळ्या भाकरीसारख्या कडक होत्या. कापल्यावर आत लाल रंग जवळपास नाही, सगळं फिकट, मध्ये पांढरट रेषांचं जाळं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर ज्या मोकळ्या जागेतून आईचं रक्त फिरायला हवं ती जागाच बुजलेली. पालवीभोवती गुलाबी खळ साचून घट्ट झालेली, मध्ये सुजेच्या पेशींची गर्दी, आणि पालवीचा बाहेरचा पडदा मेलेला.

प्रत्येक नमुन्याबरोबर एक कागद येतो. बाईचं नाव, वय, गाव, कितवा महिना, काय त्रास. ते वाचणं टेक्निशियनचं काम नाही, नाव आणि नंबर जुळवला की झालं. शिवशंकर मात्र कागद पूर्ण वाचायचा. तिसऱ्या कागदावर होतं: जया, वय बावीस, हिमायतनगर, आठवा महिना. एक दिवस ताप. अकराव्या दिवशी बाळाची हालचाल कमी वाटली. तेराव्या दिवशी तपासलं तेव्हा ठोके बंद.

त्यानं आधीचे दोन कागद काढून शेजारी ठेवले. तिन्ही बाया फार आजारी नव्हत्या. कुणाला ऑक्सिजन लागला नव्हता. ताप येऊन गेलेला, बाई बरी झालेली, घरचे निर्धास्त झालेले. आणि दहा-पंधरा दिवसांनी कागदावर तेच शब्द, हालचाल कमी. त्यानं मॅडमना हे दाखवलं. त्यांना ते आधीच दिसलं होतं. बाहेरच्या देशांतले डॉक्टरही असंच लिहायला लागले होते. त्यांनी प्रसूती विभागाला पत्र दिलं, की कोरोना होऊन गेलेल्या बाईनं पोट गप्प आहे असं सांगितलं तर तिला त्याच क्षणी आत घ्या.

या सगळ्या काळात शिवशंकरची बायको अयोध्या पोटुशी होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, हे पहिलंच. दवाखान्यातून आपण रोग घरी आणू, या भीतीनं त्यानं तिला मार्चमध्येच नांदेडहून गावी आपल्या आईवडिलांकडे ठेवलं होतं. तिथं ती सुखात होती. पण एप्रिल सरता सरता आमच्या गावात घरटी एक माणूस खोकत होतं. कुणापासून कुणाला झालं याचा पत्ता लागला नाही. अयोध्याला दोन दिवस ताप आला, वास येईनासा झाला. उमरीला तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. पाचव्या दिवशी ती उठून अंगणात बसली, जेवायला लागली. मी स्वतः तिला कुंपणाबाहेरून विचारलं, तर हसून म्हणाली, सर, आता बरी हाय मी.

शिवशंकर रोज दुपारी एकच्या सुट्टीत तिला फोन करायचा. त्या तीन कागदांबद्दल त्यानं तिला चकार शब्द सांगितला नव्हता. साठातल्या तीन, उगाच कशाला घाबरवायचं. फक्त रोज न चुकता विचारायचा, लेकरू हालतं का. ती रोज सांगायची, लई धिंगाणा घालतं.

तापाच्या बाराव्या दिवशी तिनं जरा थांबून उत्तर दिलं. म्हणाली, "कालपासून निवांत हाय. आत्याबाई म्हणतात, पोट वाढलं की जागा कमी पडती, मंग लेकरू कमी हालतं." आत्याबाई म्हणजे सासूबाई, पंचफुलाबाई.

शिवशंकर तेव्हा विभागाच्या व्हरांड्यात उभा होता. त्यानं मला सांगितलं, की ते ऐकलं अन् हाताच्या बोटांना त्या तीन वारांचा कडकपणा पुन्हा जाणवला. त्यानं आवाज चढू दिला नाही. तिला डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, पोटावर हात ठेवून तासभर मोजायला सांगितलं. तास संपेपर्यंत तो त्याच व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिला. तिचा फोन आला. तासात दोनदा हाललं होतं, दुसऱ्यांदाचं नक्की सांगता येत नव्हतं.

त्यानं तिला तडक नांदेडला यायला सांगितलं. पण फोन पंचफुलाबाईंनी घेतला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आदल्याच दिवशी गावातल्या डॉक्टरनं पोटाला नळी लावून ठोके ऐकले होते, चांगले आहेत म्हणाला होता, सोमवारी दाखवायला सांगितलं होतं. ताप उतरलेल्या सुनेला, जिथं रोगाचेच लोक भरलेत त्या दवाखान्यात कामून न्यायचं? पंचफुलाबाईंनी चार लेकरं घरी जन्माला घातली होती, गल्लीतल्या कितीतरी बाळंतपणांना त्या हजर होत्या. पोट शेवटी शेवटी गप्प होतं, हे त्यांनी बघितलेलं होतं.

शिवशंकर आईशी कधी वरच्या आवाजात बोलला नव्हता. त्या दिवशीही बोलला नाही. पण आजवर न सांगितलेली गोष्ट त्यानं सांगितली.

"माय, अशा तीन बायांची वार म्या कापलीय. तिघींचीबी लेकरं गेली. तिला गाडीत बसव."

पंचफुलाबाईंनी लगेच गाडी बोलवायला लावली. १०८ची गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर त्यांनी सुनेला डाव्या कुशीवरून हलू दिलं नाही. गाडीत त्या स्वतः बसल्या, तोंडाला पदराचे दोन वेढे घेऊन. रस्त्यानं अयोध्या एकदाच म्हणाली, की आता हाललं वाटतं. आणि पंचफुलाबाईंनी हात ठेवला तर त्यांना काही लागलं नाही.

दवाखान्यात बिडवे मॅडम प्रसूती विभागाच्या दारात आधीच येऊन थांबल्या होत्या. अयोध्याच्या पोटाला यंत्राचा पट्टा बांधला. कागदावर बाळाच्या ठोक्यांची रेघ उमटायला लागली. निरोगी बाळाची रेघ खालीवर थरथरत असते. ही जवळजवळ सरळ होती आणि मधूनच खोल खाली जाऊन सावकाश वर येत होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन मिनिटं बघितली आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. तेहतिसावा आठवडा चालू होता. थांबायला जागा नव्हती.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. एक किलो सहाशे ग्रॅम. लगेच रडली नाही. डॉक्टरांनी नाकातोंडातलं साफ केलं, मास्कनं श्वास दिला, मग मांजराच्या पिलासारखा आवाज आला. बाहेर उन्हात उभ्या असलेल्या शिवशंकरला हे एका नर्सनं येऊन सांगितलं आणि लेकीला काचेच्या पेटीत नेतोय, म्हणाली. त्यानं विचारलं, अयोध्या कशी हाय. बरी आहे, असं ती म्हणाली. मग त्यानं विचारलं, वार कुठं ठेवली. नर्सला वाटलं, माणूस भ्रमला.

वारेची बादली विभागात आली तेव्हा मॅडमनी त्याला घरी जायला सांगितलं. आपल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, असा काही लेखी नियम नाही, पण पद्धत तशीच आहे. त्यांनी दुसऱ्या टेक्निशियनला बोलावते म्हटलं. शिवशंकर म्हणाला, की मॅडम, काप फाटला तर दिसणार न्हाई, माझा फाटत न्हाई. मॅडमनी थोडा विचार केला. वार मॅडमनी कापायची, त्यानं बाजूला उभं राहायचं, मेणाच्या वड्या मात्र त्यानं कापायच्या, असं ठरलं.

औषधात मुरल्यावर दुसऱ्या दिवशी मॅडमनी सुरी चालवली. बोटभर रुंदीच्या फाका करत गेल्या आणि टेबलावर क्रमानं मांडत गेल्या. पहिली फाक कडक, फिकट. दुसरी तशीच. तिसरी तशीच. शिवशंकर म्हणतो, की लेक पेटीत जिवंत हाय हे माहीत असूनही त्या टेबलापाशी त्याला ते खरं वाटेना, कारण त्या फाका आणि जयाच्या वारेच्या फाका यांत काही फरक नव्हता. मग सुरी पलीकडच्या कडेला गेली आणि मऊ लागली. त्या बाजूच्या फाकांना लाली होती. मॅडमनी सगळ्या फाका मोजल्या, पट्टी लावली, हिशेब केला. तीन हिश्शांपैकी दोन हिस्से निकामी झाले होते. एक हिस्सा काम करत होता.

वड्या झाल्या. त्यानं त्या बर्फावर गार केल्या, यंत्राला लावल्या आणि कापल्या. चार दिवसांनी काचा तयार झाल्यावर मॅडमनी आधी स्वतः बघितल्या. मग उठून खुर्ची त्याला दिली.

त्यानं पंधरा वर्षं काचा तयार केल्या होत्या. बघायचाही, पण कापाची प्रत बघायला. त्या दिवशी पहिल्यांदा तो बघण्यासाठी बसला. आधी मेलेला भाग आला. गुलाबी खळीत रुतून बसलेल्या फांद्या, रिकाम्या, सुकलेल्या. मॅडमनी काच सरकवली. कड लागली आणि पुढं एकदम मोकळं झालं. पालवी दाट, प्रत्येक पानाच्या कडेला लेकराच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या, आणि त्या तुडुंब भरलेल्या. मॅडमनी सांगितलं, की ह्या वाहिन्या जास्तीच्या आहेत. इतक्या नसतात. बाकीची वार बंद पडत असताना उरलेल्या भागानं जेवढं जमेल तेवढं रक्त पडद्याच्या जवळ आणलं होतं.

"शिवशंकर, तुमची मुलगी एवढ्यावर श्वास घेत होती," मॅडम म्हणाल्या. "आणखी एक-दोन दिवस, मग हेही गेलं असतं."

वारेचे काही तुकडे पुण्याच्या प्रयोगशाळेत खास रंगासाठी पाठवले होते. जिथं विषाणू आहे तिथं तपकिरी रंग चढतो. त्या काचा महिन्यानं परत आल्या. प्रत्येक फांदीची बाहेरची कड गडद तपकिरी होती, शाईनं रेघ ओढावी तशी. त्या कडेच्या आत, लेकराच्या रक्तवाहिन्यांकडे, तपकिरी काही नव्हतं. लेकीच्या नाकातला नमुना दोनदा तपासला होता, तोही दोन्ही वेळा निगेटिव्ह आला होता. प्रत्येकीचं असंच होतं असं नाही, काही लेकरांना लागण होते, असं मॅडमनी बजावून सांगितलं. पण हिच्या बाबतीत विषाणू पडद्यापर्यंत आला आणि पडदा मरून पडला, तरी आत गेला नाही.

लेक पेटीत सव्वीस दिवस होती. अयोध्या तोंडाला मास्क लावून, हात धुऊन, वाटीत दूध काढून द्यायची, ते नळीनं तिच्या पोटात जायचं. त्या दिवसांत अयोध्याच्या मनात एकच घोळत होतं आणि ते तिनं एका सकाळी विचारलं. आपण अंगणात बसलो, शेजारणींशी बोललो, त्यानं हे झालं का. हालचाल कमी झालीय हे आदल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं का. शिवशंकरनं तिला ती मऊ बाजू कशी होती ते सांगितलं. पोटुश्या बायकांना लस द्यायची परवानगीच अजून नव्हती, हेही सांगितलं. आणि म्हणाला, की तू मोजलंस, म्हणून ती हाय.

हे बोलून तो विभागात आला आणि त्याच्या मनात आलं, की जयाला हे कुणी सांगितलं असेल? तिच्या रिपोर्टवर इंग्रजीत दोन ओळी गेल्या होत्या. त्यानं मॅडमना विचारलं. मॅडमनी तिघींनाही फोन करायला लावले. एक नंबर लागला नाही. एक बाई यायला तयार झाली नाही. जया जुलैत आली, सासऱ्याला घेऊन, हिमायतनगरहून. ती मॅडमपुढं खाली मान घालून बसली. तिनं गरम खाल्लं, जड हंडा उचलला, म्हणून लेकरू गेलं, असं घरात ठरून गेलं होतं. मॅडमनी सासऱ्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी चांगली वार दाखवली, मग जयाची. म्हातारा शेतकरी माणूस. त्यानं दोन्ही पुन्हा पुन्हा बघितल्या आणि विचारलं, की हे खाण्यानं होतं का. मॅडम म्हणाल्या, नाही. हंडा उचलण्यानं? नाही. म्हातारा उठला आणि सुनेकडे बघून म्हणाला, "आमचं चुकलं, माय." जया रडली. "पण ते रडणं सुटल्याचं होतं, सर, म्हणून मला ऐकवत होतं," असं शिवशंकर म्हणतो.

माझा या गोष्टीशी प्रत्यक्ष संबंध आला तो पंचफुलाबाईंमुळे. नात घरी आली, दुपटी शिवून झाली, बारसं झालं, दुर्वा नाव ठेवलं. पण बाईंच्या मनाला एक टोचणी होती. त्यांच्या घरात वार अंगणात पुरतात. चारही लेकरांची त्यांनी स्वतः पुरली होती. त्या म्हणायच्या, की वार लेकराची पाठराखीण असते, तिला मातीत निजवायची असते. हिची कुठं गेली? मुलगा टाळत होता. शेवटी एक दिवस त्यानं सांगितलं, की तपासून उरलेली दवाखान्याच्या नियमानं जाळली, आणि थोडी मेणाच्या वड्यांत आहे. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा त्यानं मला फोन केला आणि मायला घेऊन नांदेडला याल का, असं विचारलं. मलाही तो काप बघायचाच होता.

ऑगस्टमधली सकाळ होती. मॅडमनी बाईंना उंच स्टुलावर बसवलं. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. आधी त्यांना आपल्याच पापण्या दिसत होत्या. शिवशंकरनं मागं उभं राहून त्यांचं डोकं हळूच सरळ धरलं. मग त्या एकदम स्थिर झाल्या.

"हे काय, झाड हाय का?"

तो म्हणाला, हाव, दुर्वाचं. मग त्यानं काच सरकवत नेली, जशी मॅडमनी त्याच्यासाठी नेली होती, आणि बुजलेला भाग कुठला, मोकळा भाग कुठला ते सांगितलं. बाईंनी विचारलं, मेलेलं किती अन् जितं किती. त्यानं तीन बोटं दाखवली आणि दोन मिटली. बाई पुन्हा वाकून बघायला लागल्या. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. बाईंचा हात टेबलावर होता, तो हळूहळू उघडला आणि तळवा वर होऊन तसाच राहिला.

त्या म्हणाल्या, "म्या इतकी वार पुरली, एकदाबी उलगडून बघितली न्हाई."

मग मी बघितलं. तीस वर्षं पोरांना पाठ्यपुस्तकातून नाळ आणि वार शिकवणारा मी, चार ओळी, एक आकृती, परीक्षेत दोन गुण. भिंगाखाली वेगळंच होतं. गुलाबी उजाड माळ आणि त्याच्या कडेला, अगदी सरहद्दीवर, गच्च हिरवळ असावी तशी ती भरलेली पालवी. तिथं काय चाललं होतं हे कुणाला माहीत नव्हतं, अयोध्यालासुद्धा नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं.

मी मॅडमना विचारलं, इतक्या जणींपैकी ह्या चौघींनाच का? एकीची वार तगते, दुसरीची आठ-दहा दिवसांत दगड होते, असं का? मला वाटलं, त्या काहीतरी अवघड नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, सर. कुणालाच अजून नीट माहीत नाही."

निघताना मॅडमनी बाईंना विचारलं, की मेणाची एक वडी हवी का, पुरायला. वड्या बऱ्याच होत्या, एक दिली तर अभ्यासाला कमी पडणार नव्हतं. पंचफुलाबाईंनी ती बोटाच्या पेराएवढी वडी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. म्हणाल्या, ठिवा. आणखी कुण्या बाईच्या कामाला येईल.

दुर्वा आता अंगणवाडीत जाते. वजनानं थोडी हलकी आहे, पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तिची तपासणी झाली, कान, डोळे, चालणं, बोलणं, सगळं वेळेवर आलं. बोलणं तर वेळेच्या आधीच आलं. गेल्या दिवाळीत ती माझ्या ओट्यावर आली होती, फुलबाजीसाठी वाद घालत. शिवशंकर मागं उभा राहून ऐकत होता. मी म्हटलं, ही तुझ्यावर गेली नाही. तो हसला आणि म्हणाला, तिला लई घाई असती, सर, हरेक गोष्टीची, आणि तिच्या हातातली काडी काढून घ्यायला पुढं झाला.